नावे जुळली, पिढी चुकली : वॉशिंग्टन घराण्याच्या मुळाचा शोध

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना आपल्या इंग्लंडमधील पूर्वजांविषयी जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते. डिसेंबर १७९१ मध्ये ‘गार्टर किंग ऑफ आर्म्स’ सर आयझॅक हर्ड यांनी लंडनहून पत्र पाठवून त्यांच्या घराण्याची माहिती विचारली. या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही, असे प्रांजळ उत्तर मे १७९२ मध्ये गेले. सोबत घरात ऐकलेली एक आठवण होती : १६५७ च्या सुमारास जॉन आणि लॉरेन्स हे दोघे भाऊ उत्तर इंग्लंडच्या कुठल्याशा परगण्यातून व्हर्जिनियात आले.

नॉर्थॅम्प्टनशरमधील सल्ग्रेव्ह येथे वॉशिंग्टनांचे एक प्रतिष्ठित घराणे होते. त्याचा मूळपुरुष लॉरेन्स हा लोकरीचा व्यापारी. मठ बरखास्त झाल्यावर १५३९ मध्ये त्याने आठव्या हेन्रीकडून तेथील जमीन विकत घेतली आणि तो ‘जंटलमन’ झाला. याच वंशात पुढे जॉन आणि लॉरेन्स असे दोन सख्खे भाऊ सापडले. कुलचिन्हही तेच : आडवे पट्टे आणि वर तारे. हर्ड यांनी तर्क बांधला की व्हर्जिनियात गेले ते हेच दोघे. तर्क छापला गेला आणि छापल्यावर तो सत्य म्हणून वावरू लागला.

त्याला धक्का बसला १८६६ मध्ये. लंडनमध्ये राहणारे अमेरिकन संशोधक जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी दाखवून दिले की सल्ग्रेव्हच्या वंशातील जॉनला ‘सर’ हा किताब मिळालेला होता आणि लॉरेन्स धर्मोपदेशक होता. व्हर्जिनियाच्या कागदांत मात्र ना कोणी ‘सर’, ना कोणी धर्मोपदेशक. त्या काळी मिळालेला किताब कोणी सहजासहजी टाकून देत नसे!

मग खरे मूळ कोठे? १८८९ मध्ये हेन्री वॉटर्स यांनी ते प्रसिद्ध केले. सापडले ते ट्रिंग या हर्टफर्डशरमधील गावाच्या कागदांत. तेथील अँड्र्यू नोलिंग याच्या मृत्युपत्रात अँफिलिस वॉशिंग्टन आणि तिची मुले लॉरेन्स, जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट व मार्था यांची नावे आहेत. अँफिलिसला तो ‘डॉटर-इन-लॉ’ म्हणतो. आज याचा अर्थ सून. त्या काळच्या इंग्रजीत हाच शब्द सावत्र मुलीसाठीही वापरीत, आणि येथे तोच अर्थ आहे. असा एक शब्द आजच्या अर्थाने वाचला की अख्खी वंशावळ चुकीच्या फांदीवर जाते. तिकडे व्हर्जिनियातील जॉनच्या मृत्युपत्रातही मार्था नावाची बहीण आहे. लॉरेन्सचा १६३५ चा बाप्तिस्मा ट्रिंगच्या चर्चच्या नोंदवहीत मिळाला. अशा नोंदवह्या ठेवण्याची सक्ती थॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये केली होती, तिचे हे फळ.

अँफिलिसच्या मृत्यूनंतर तिच्या मालमत्तेचा अधिकार जॉनला मिळाला तो फेब्रुवारी १६५५/६ मध्ये. दुहेरी साल पाहून दचकू नये. १७५२ पूर्वी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदी जुन्या वर्षात पडत. ही खुबी न कळल्यास मुलगा आईआधी गेलेलाही दिसू शकतो.

आता अँफिलिसचा नवरा कोण? सल्ग्रेव्ह घराण्यातला तोच धर्मोपदेशक लॉरेन्स! हर्ड यांनी ज्याला देशांतर करणारा भाऊ मानले होते, तो त्या दोघा भावांचा बाप निघाला. घराणे बरोबर होते, पिढी एकीने चुकली होती. आणि चेस्टर यांनी योग्य कारणाने खोडलेले नाव एक पायरी वर पुन्हा लिहावे लागले.

हा लॉरेन्स ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचा फेलो, पुढे एसेक्समधील पर्ली गावचा रेक्टर. राजनिष्ठ म्हणून १६४३ मध्ये पार्लमेंटच्या पक्षाने त्याला काढून टाकले. दारूच्या गुत्त्यात वावरतो, असाही आरोप ठेवला. आरोप विरोधकांचा आहे, तेव्हा तो जपूनच वाचावा. हलाखी मात्र खरी होती, आणि मुलांनी समुद्र ओलांडला त्यामागे तीच असावी, असे मला वाटते. राजाविरुद्ध लढून राष्ट्र उभारणाऱ्या सेनापतीचा हा पूर्वज राजाच्या बाजूने राहून धुळीस मिळाला होता. जानेवारी १६५३ मध्ये माल्डन येथे त्याचे दफन झाले. जॉन तेव्हा अजून इंग्लंडातच होता.