एका रक्तपिशवीची गोष्ट

परवा सोसायटीच्या गणपतीत रक्तदान शिबिर होतं. फॉर्म भरताना नेहमीसारखाच एका ओळीवर अडखळलो: तपासणीत काही दोष आढळल्यास तुम्हाला कळवावे का? हो / नाही. मागे उभ्या काकू म्हणाल्या, "अहो, टाका पटकन टिक, रांग बघा केवढी!" मी टिक टाकली खरी, पण डोक्यात गोव्याचा डॉमिनिक डिसोझा आला, तो काही जाईना.

मंडळी, 'माय ब्रदर... निखिल' हा ओनिरचा सिनेमा (२००५) बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यामागची प्रेरणा हाच माणूस. पर्रा गावचा, नियमित रक्तदान करणारा. १९८९च्या फेब्रुवारीत पोलीस घरी आले आणि त्याला म्हापशाच्या पोलीस ठाण्यात बोलावणं झालं. का, ते कुणी सांगेना. तिथून आझिलो हॉस्पिटलात. तिथल्या रजिस्टरात त्याला स्वतःचं नाव दिसलं आणि शेजारी 'एड्स' हा शब्द. ना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, ना कुणी धीर दिला. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीतून निघालेला निकाल ज्याचं रक्त त्याच्याआधी पोलिसांना ठाऊक!

पुढे त्याला एका ओसाड क्षयरोग सॅनिटोरियममध्ये ठेवलं, बाहेर पहारा. ६४ दिवस. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात (१९८५) दुरुस्ती करून एचआयव्हीबाधितांना वेगळं ठेवायची सोय केली होती, तिचाच हा वापर. एचआयव्ही हवेतून किंवा हात लावून पसरत नाही हे तेव्हाही माहीत होतं, तरीही.

इथे थोडं प्रयोगशाळेबद्दल. रक्तपेढीची एलायझा चाचणी मुद्दाम 'संशयी' ठेवलेली असते. एकही बाधित पिशवी निसटू नये, मग चार चांगल्या फुकट गेल्या तरी चालतील, असा हिशोब. पिशवीसाठी तो अगदी बरोबर आहे. पण तोच निकाल माणसाला चिकटवायचा, तर आधी दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागते. त्या काळी त्यासाठी वेस्टर्न ब्लॉट असे. नळीवरचं नाव, रजिस्टरमधली नोंद, निकाल कुणाच्या हाती द्यायचा, हेसुद्धा चाचणीइतकंच प्रयोगशाळेचं काम. डॉमिनिकच्या बाबतीत निदान खरंच होतं. पण निदान बरोबर असूनही बाकीचं सगळं किती चुकू शकतं! मला वाटतं, आपण 'रिपोर्ट चुकला' म्हणून भांडतो, रिपोर्ट कुणी कुणी वाचला हे मात्र विचारत नाही.

त्याची आई लूसी कोर्टात गेली. वकील आनंद ग्रोव्हर. अंतरिम आदेशाने डॉमिनिक सुटला, पण अंतिम निकालात मुंबई उच्च न्यायालयाने वेगळं ठेवण्याची तरतूद वैधच ठरवली. व्यक्तीचा हक्क आणि सार्वजनिक हित यांत झुकतं माप सार्वजनिक हिताला, असा त्याचा आशय. हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. आईच्या नावावर जी केस कायद्याच्या पुस्तकांत राहिली, ती हरलेली केस!

नोकरीही गेली. १९९२ मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था गोव्यात सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो मुंबईत वारला.

कायद्याची गाडी फार सावकाश आली. १९९६ मध्ये 'कॉमन कॉज' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रक्तपेढ्यांचा कारभार सुधारायला आणि पैसे घेऊन रक्त देणं थांबवायला सांगितलं. आणि वेगळं डांबून ठेवण्यावर बंदी? ती आली २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात, जो १० सप्टेंबर २०१८ला लागू झाला. चाचणीआधी संमती आणि संमतीशिवाय निकाल न फोडणं हेही त्यातच. रक्तपेढीला पिशवी तपासायला वेगळी संमती लागत नाही, ते रास्तच. पण दात्याला निकाल हवा असेल, तर तो समुपदेशनासहच द्यायचा, रजिस्टरात डोकावून नव्हे.

असो. माझा नंबर आला. नळी भरल्यावर तंत्रज्ञ मुलीने स्टिकर लावला आणि माझ्या फॉर्मवरच्या आकड्याशी दोनदा ताडून पाहिला. मी विचारलं, "नाव नाही लिहीत?" ती म्हणाली, "नाही काका, नळीवर फक्त नंबर."