खोक्यांत जपलेला इतिहास : डार्लीन क्लार्क हाइन

१९८० साल. अमेरिकेतील इंडियाना राज्यात, पर्ड्यू विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या डार्लीन क्लार्क हाइन यांना एका शाळाशिक्षिकेचा दूरध्वनी आला. मागणी सरळ होती : आमच्या राज्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांचा इतिहास लिहा.

हाइन यांनी नकार दिला. त्यांचे संशोधन टेक्सासमधील मतदानहक्काच्या लढ्यावरचे. हा विषय त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. शिक्षिका मात्र हटेना. तुम्ही कृष्णवर्णीय, तुम्ही स्त्री, तुम्ही इतिहासकार. मग अडचण कोणती?

पाठोपाठ खोकी आली. महिला मंडळांच्या नोंदी, कात्रणे, घरोघरी जपलेले कागद. साधने नाहीत असे विद्यापीठे समजत होती, ती कपाटांत पडून होती! १९८१ मध्ये पुस्तक निघाले. पुढे इंडियाना आणि इलिनॉय राज्यांतून असे कागद गोळा करण्याची मोहीमच उभी राहिली.

मला स्वतःला हाइन यांचे परिचारिकांवरील काम सर्वांत मोलाचे वाटते. १९४१ मध्ये अमेरिकी सैन्याने कृष्णवर्णीय परिचारिकांसाठी अवघ्या ५६ जागा ठेवल्या. पुढे त्यांतील काहींना जर्मन युद्धकैद्यांच्या शुश्रूषेला धाडले. त्यांच्या संघटनेच्या मेबल स्टॉपर्स यांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, भेटी घेतल्या, थेट एलिनॉर रूझवेल्ट यांच्यापर्यंत गाऱ्हाणे नेले. जानेवारी १९४५ मध्ये परिचारिकांची सक्तीने भरती करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा स्टॉपर्स यांनी भरसभेत विचारले : टंचाई एवढी आहे, तर आमच्या परिचारिका का नकोत? देशभरातून निषेधाच्या तारा गेल्या. त्याच महिन्यात सैन्याने मर्यादा उठवली. मोर्चा नाही, गाजलेले भाषण नाही; म्हणूनच बहुधा हा लढा पाठ्यपुस्तकांतून निसटला.

१९८९ मध्ये हाइन यांनी याहून अवघड प्रश्न हाताळला. बलात्काराच्या सततच्या भयात जगलेल्या या स्त्रिया स्वतःविषयी इतक्या अबोल का? त्यांचे उत्तर : ते मौन बुद्ध्याच पत्करलेले होते. वरकरणी मोकळेपणा दाखवायचा आणि अंतरंग झाकून ठेवायचे, ही स्वसंरक्षणाची रीत होती. पण त्याच मौनाने इतिहासकाराच्या हाती काहीच उरू दिले नाही. त्या खोक्यांतही मंडळाचा हिशेब सापडतो, सभेचा वृत्तान्त सापडतो. ते लिहिणारीने स्वतः काय सोसले, ते बहुतेकदा सापडत नाही.