संहिता आणि प्रत्यक्ष बोलणे : संभाषण-विश्लेषणाच्या उपयोजनाचा इतिहास

संभाषण-विश्लेषणाला आज स्वायत्त ज्ञानशाखेची प्रतिष्ठा लाभली असली, तरी तिचा उगम एका कार्यालयीन अडचणीत आहे. १९६३-६४ मध्ये हार्वी सॅक्स लॉस एंजेलिस येथील आत्महत्या प्रतिबंध केंद्रातील दूरध्वनींच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास करीत होते. फोन करणारे अनेकदा नाव सांगत नसत, ही केंद्राची अडचण होती. उत्तर देणाऱ्याने आपले नाव सांगितले की समोरचाही सहसा आपले नाव सांगतो. परंतु त्याने ‘ऐकू आले नाही’ असे म्हटले, तर नावासाठी असलेली जागा दुरुस्तीच्या कामी खर्ची पडते आणि नाव न नाकारताही ते टळते. उक्तीचा अर्थ वक्त्याच्या मनात न शोधता तिच्या क्रमस्थानात शोधण्याची ही दृष्टी होती.

१९७४ मध्ये सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी बोलण्याच्या पाळीची व्यवस्था ‘लँग्वेज’ या नियतकालिकात मांडली. १९७५ मध्ये सॅक्स यांचे अपघाती निधन झाले; त्यांची व्याख्याने ग्रंथरूपाने आली ती १९९२ मध्ये. मधल्या काळात ही शाखा प्रामुख्याने वर्णनपर राहिली.

बोलण्याच्या सूक्ष्म तपशिलाचा कामाच्या ठिकाणी उपयोग करण्याचा एक गाजलेला प्रयत्न शेजारच्या परंपरेतून झाला. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील उपाहारगृहात नव्याने रुजू झालेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया उद्धट आहेत, अशी तक्रार होती. ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द त्या उतरत्या सुरात उच्चारीत. इंग्रज ग्राहकांना तेथे प्रश्नाचा चढता सूर अपेक्षित असे. जॉन गम्पर्झ यांनी ही ध्वनिमुद्रणे दोन्ही पक्षांना ऐकवली, आणि १९७९ मध्ये ‘क्रॉसटॉक’ या बीबीसीच्या कार्यक्रमातून हे काम सर्वज्ञात झाले. मात्र १९८८ मध्ये राजेंद्र सिंह, महाराष्ट्राच्या राजकारणाचे अभ्यासक जयंत लेले आणि गीता मार्तोहार्जोनो यांनी या विचारपद्धतीची कठोर चिकित्सा केली. विषम सत्तासंबंधांतून उद्भवणारा संघर्ष निव्वळ गैरसमज ठरवला, की बदलण्याचा भार दुर्बलावरच पडतो, हा या चिकित्सेतून पुढे येणारा मुद्दा आजही निरुत्तर झालेला नाही.

प्रशिक्षणाची रूढ पद्धत मात्र नाट्याची होती : कल्पित प्रसंग, नेमून दिलेल्या भूमिका, त्यावर अभिप्राय. एलिझाबेथ स्टोको यांनी २०१३ मध्ये पोलिसांच्या खऱ्या आणि अभिनीत चौकश्यांची तुलना करून दाखवले की, अभिनयात अधिकाऱ्यांच्या कृती अधिक विस्तृत व ठळक होतात. मूल्यमापन करणाऱ्याला त्या दिसाव्या लागतात. अनुकृती आणि वास्तव यांतील हे अंतर साहित्यसमीक्षेला अपरिचित नाही. त्यांच्या पद्धतीत खरे ध्वनिमुद्रण ओळख पुसून, लिप्यंतरासह एकेक ओळ ऐकवले जाते. मध्येच थांबवून ‘आता तुम्ही काय म्हणाल?’ असे विचारले जाते, आणि मग प्रत्यक्षातील पुढची उक्ती ऐकवली जाते. शेजाऱ्यांच्या तंट्यांत मध्यस्थी करणाऱ्या संस्थांना यातून उमगले की, ‘आम्ही कोणाची बाजू घेत नाही’ हे तत्त्व प्रारंभीच सांगितल्यास तक्रारदार दुरावतो.

एका शब्दाचे मोलही असेच सिद्ध झाले. २००७ मध्ये हेरिटेज व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० डॉक्टर व २२४ रुग्ण होते. ‘आणखी काही आहे का?’ या अर्थाच्या प्रश्नात नकाराकडे झुकणाऱ्या ‘एनी’ऐवजी होकाराकडे झुकणारा ‘सम’ वापरल्यावर रुग्णांच्या अनुच्चारित राहणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या.

येथे शिकण्याचा भार रुग्णावर वा तक्रारदारावर नसून संस्थेच्या प्रतिनिधीवर आहे. १९८८ च्या आक्षेपाला हे अर्धे उत्तर होय. कोणते संभाषण ‘यशस्वी’ मानावे, हे मात्र बहुधा संस्थाच ठरवते. सॅक्स यांच्या पहिल्या उदाहरणातही नाव हवे होते ते केंद्राला. फोन करणाऱ्याला ते द्यायचे नव्हते. त्याचे ते टाळणे म्हणजे संवादकौशल्याचा अभाव नव्हे. तेही कौशल्यच होते.