काचपट्टी कोण वाचणार?

गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याआधी तेथील पेशी कित्येक वर्षे हळूहळू बदलत असतात. हा बदल वेळीच ओळखला तर कर्करोग टळतो. जॉर्ज पापानिकोलाउ यांनी १९४३ मध्ये त्यासाठीची 'पॅप' चाचणी ग्रंथरूपाने मांडली. पेशी काचपट्टीवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायच्या. मात्र पाहणारे डोळे सरावलेले हवेत! श्रीमंत देशांनी असे तंत्रज्ञ तयार केले. तेथे मृत्यू घटले. आपल्याकडे खेड्यातली काचपट्टी वाचणार कोण?

१९९९ मध्ये उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. काही गावांत पॅप, काहींत व्हिनेगर लावून साध्या डोळ्यांनी तपासणी, काहींत यंत्रावर एचपीव्ही विषाणूची चाचणी. उरलेल्यांत केवळ माहिती. २००९ साली निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या विषाणूचाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. केवळ माहिती मिळालेल्या गटात ६४ स्त्रिया या रोगाने दगावल्या. हा आकडा आपण घाईने ओलांडू नये.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली. तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

आता मोबाइलवर काढलेले छायाचित्र संगणकाकडून तपासून घेण्याचे प्रयोग होत आहेत. म्हणजे डोळ्यांची उणीव यंत्र भरून काढील. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याजोगा मोबाइल होता. ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीही झालेल्या दोन टक्केही नव्हत्या.