मोजूनमापून बांधलेलें स्वयंपाकघर

घर बांधण्याचा बेत ठरला म्हणजे दिवाणखान्याला खिडक्या किती असाव्या, सज्जा कोणत्या दिशेला काढावा, यावर दहा दिवस खल चालतो. स्वयंपाकघर मात्र उरलेल्या जागेंत बसवून द्यावें, अशी रीत बहुतेक देशांत पुष्कळ काळ चालत आली. दिवसाचा मोठा भाग ज्या खोलींत घरांतली बाई उभी असते, त्या खोलीचा नकाशा काढतांना तिला कोणी विचारीत नसे. ही रीत मोठ्या प्रमाणावर प्रथम मोडली ती जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरांत, १९२६ ते १९३० या काळांत. तेथील नगरपालिकेनें आपल्या नव्या वसाहतींतून सुमारें दहा हजार घरांत पावलें मोजून आंखलेलें, एकाच घडणीचें स्वयंपाकघर बसविलें. त्यांतून काय साधलें आणि काय निसटलें हें समजून घेणें, नवें स्वयंपाकघर बांधणाऱ्या अथवा जुनें मोडून सुधारणाऱ्या कुटुंबाला आजही उपयोगाचें आहे.

कल्पनेचें मूळ मात्र जर्मनींत नाहीं, अमेरिकेंत आहे. कॅथरिन बीचर या विदुषीनें १८४१ सालीं गृहव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला, आणि १८६९ सालीं आपली बहीण हॅरिएट बीचर स्टो, म्हणजे ‘अंकल टॉम्स केबिन’ची लेखिका, हिच्यासह दुसरा. बीचरबाईंनीं दिलेला दाखला मार्मिक होता. आगबोटीवरचा आचारी दोनशें माणसांचा स्वयंपाक एका चिमुकल्या खोलींत करतो. हात लांब केला कीं हवी ती वस्तु त्याला सांपडते. मग चारपांच माणसांच्या घरांत पीठ एका टोंकाला, पाणी दुसऱ्या टोंकाला आणि भांडीं तिसऱ्याच खोलींत कां असावीं? त्यांच्या नकाशांत पिठाचें पिंप ओट्याखालीं आलें, ओटा आणि मोरी खिडकीपाशीं आली, आणि चूल सरकत्या दारांपलीकडे वेगळ्या जागीं गेली, म्हणजे धग व वास काम करणारीच्या अंगावर येऊं नये. बीचरबाई स्वतः जन्मभर अविवाहित होत्या. परक्याच्या घराकडे पाहणाऱ्याला कधीं कधीं घरच्यांपेक्षां अधिक दिसतें, हेंच खरें.

पुढचें पाऊल क्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनीं टाकलें. त्या वेळीं अमेरिकेंतील कारखान्यांत फ्रेडरिक टेलर याच्या पद्धतीचा बोलबाला होता. कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजावयाची आणि निरर्थक हालचाल काढून टाकावयाची, ही ती पद्धति. फ्रेडरिकबाईंनीं तीच आपल्या घरांत लावून पाहिली. त्यांचे लेख १९१२ सालीं ‘लेडीज होम जर्नल’ मासिकांत आले व पुढच्या वर्षीं पुस्तकरूपानें निघाले. त्यांनीं दोन नकाशे शेजारीं शेजारीं छापले होते. एका स्वयंपाकघरांत बाईच्या येण्याजाण्याच्या रेघा जाळ्यासारख्या एकमेकींत गुंतलेल्या, तर दुसऱ्यांत त्याच रेघा ओळीनें, न अडखळतां गेलेल्या. सामान तेंच, भिंती त्याच. फरक केवळ मांडणीचा. स्वयंपाकाची तयारी ही एक कामांची माळ आणि जेवणानंतरची आवराआवर ही दुसरी. या दोन माळा एकमेकींना कापतां कामा नयेत, हें त्यांचें सूत्र. स्वयंपाकघराच्या रचनेविषयीं नंतर जें लिहिलें गेलें त्यांतील बराच भाग या एका सूत्राचा विस्तार आहे. १९२१ सालीं हें पुस्तक जर्मन भाषेंत उतरलें आणि व्हिएन्नांतील एका तरुण स्त्रीच्या हातीं पडलें.

मार्गारेट लिहोट्स्की ही ती स्त्री. जन्म १८९७ चा. व्हिएन्नाच्या कलाशाळेंत वास्तुशिल्प शिकलेल्या अगदीं पहिल्या स्त्रियांपैकीं ती एक. महायुद्ध संपल्यावर व्हिएन्नांत अन्न नव्हतें आणि घरेंही नव्हतीं. माणसें शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर खोपटीं बांधून भाजी पिकवीत होतीं. अशा वसाहतींसाठीं लहान, स्वस्त घरें आंखण्याच्या कामांत ती पडली. अडोल्फ लोस याच्यासारखा नामांकित वास्तुशिल्पज्ञ त्या कामांत तिच्याबरोबर होता. फ्रँकफुर्टच्या बांधकामखात्याचा प्रमुख एर्न्स्ट माय यानें तिचें काम पाहिलें आणि १९२६ सालीं तिला आपल्याकडे बोलाविलें.

माय याच्यापुढचा प्रश्न बिकट होता. शहरांत घरांची भयंकर टंचाई, पैसा मोजका. जुन्या घरांच्या भाड्यावर १९२४ पासून बसविलेल्या करांतून कांहीं रक्कम मिळे, तेवढ्यांत हजारों घरें उभीं करावयाचीं होतीं. म्हणून प्रत्येक घर लहान हवें, आणि लहान असूनही राहण्यासारखें हवें. तेथील श्रमजीवी कुटुंबांत तोंवर स्वयंपाक, जेवण, मुलांचा अभ्यास, धुणें आणि रात्रीं एकदोघांची झोंप, सारें एकाच मोठ्या खोलींत चाले. हिंवाळ्यांत चुलीचीच ऊब. चाळींतल्या खोलीचा ज्यांना अनुभव आहे त्यांना या चित्राचें निराळें वर्णन नको. सुधारकांना ही रीत रोगट वाटे. धूर, वाफ आणि ओलसर कपडे यांतच मूल वाढतें, असा त्यांचा आक्षेप होता. तेव्हां स्वयंपाकघर वेगळें करावयाचें, पण इतकें लहान कीं त्यांत वांचलेली जागा बसण्याच्या खोलीला देतां यावी.

लिहोट्स्कीबाईंनीं नमुना घेतला तो आगगाडींतील जेवणाच्या डब्याचा. रुळांवरून धांवणाऱ्या त्या अरुंद खोलींत दोन माणसें शंभराहून अधिक उतारूंचीं ताटें तयार करीत. त्यांनीं बायकांना प्रश्न विचारले, घड्याळ लावून कामें मोजलीं आणि अखेर खोली ठरविली ती सुमारें ११ फूट लांब व ६ फुटांहून थोडी अधिक रुंद. म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. एका बाजूस गॅसची शेगडी, समोरच्या बाजूस मोरी व भांड्यांचीं फडताळें, आणि टोंकाला खिडकी. खिडकीखालीं बीच लांकडाची रुंद फळी व तिच्यासमोर फिरतें स्टूल, म्हणजे भाजी बसून, उजेडांत चिरतां यावी. त्या फळीला एक खांच असे. साली व देंठ त्या खांचेंतून खालच्या केराच्या खणांत ढकलावयाचे. धुतलेल्या ताटल्या पुसण्याची गरज नव्हती; मोरीशेजारच्या चौकटींत त्या उभ्या ठेवल्या कीं आपोआप निथळत. इस्त्रीची फळी भिंतीला बिजागरींनीं अडकविलेली, काम झालें कीं वर उचलून टाकावी. छताचा दिवा पाहिजे तेथें सरकवितां येई. सकाळीं पदार्थ कढत करून आंत ठेवला तर बंद उष्णतेवर दुपारपर्यंत शिजत राहील अशी एक पेटीही होती. नोकरीला जाणाऱ्या बाईची सोय त्यांत पाहिली होती.

यांपैकीं सर्वांत गाजली ती अल्युमिनियमच्या लहान खणांची मांडणी. तांदूळ, साखर, डाळी वगैरे जिन्नसांसाठीं निरनिराळे खण, प्रत्येकाला धरावयास मूठ, ओतावयास निमुळतें तोंड, आणि पुढच्या बाजूवर जिनसाचें नांव कोरलेलें. पिठाचा खण मात्र ओक लांकडाचा, कारण त्या लांकडांतील तुरट द्रव्यामुळें पिठाला कीड लागत नाहीं असें मानीत. फडताळांना रंग दिला तो निळसर हिरवा. त्या रंगावर माशा बसत नाहींत अशी समजूत होती. शेगडीपासून पलीकडच्या खोलींतील जेवणाच्या मेजापर्यंतचें अंतर सुमारें तीन मीटरांपेक्षां अधिक ठेवावयाचें नाहीं असा कटाक्ष होता, आणि मध्यें सरकतें दार. हें दार उघडें ठेवून आईला मुलांवर लक्ष ठेवतां येईल असा हिशेब होता.

हें सारें सामान भाडेकरूनें विकत घ्यावयाचें नव्हतें. तें घराबरोबरच बसवून मिळे व त्याचा खर्च भाड्यांत धरलेला असे. एकाच मापाचें सामान हजारोंनीं करावयाचें म्हणून तें स्वस्त पडलें. स्वयंपाकघर हें घराच्या बांधकामाचाच भाग आहे, तें मागाहून आणून ठेवावयाचें सामान नव्हे, हा विचार येथें प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर अमलांत आला.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. लिहोट्स्कीबाईंना स्वयंपाक येत नव्हता. व्हिएन्नांत आई रांधीत असे आणि फ्रँकफुर्टला त्या खानावळींत जेवीत. स्त्री आहे म्हणजे तिला चुलीचें ज्ञान असणारच, या लोकांच्या गृहीतकाची त्या पुढें थट्टा करीत. आपण हें काम वास्तुशिल्पज्ञ म्हणून केलें, गृहिणी म्हणून नव्हे, असें त्यांचें म्हणणें. त्यांची भूमिका सरळ होती. स्त्रिया यापुढें कमाई करणार, स्वतंत्र होणार. त्यांचे घरकामांत जाणारे तास कमी झालेच पाहिजेत. याच हेतूनें कांहीं सुधारक संबंध इमारतीला एकच सामाइक स्वयंपाकघर असावें असा आग्रह धरीत होते. बाईंना तो पटला नाहीं. पगारी आचाऱ्याचा वांटा दरमहा द्यावा लागणार, आणि ज्याची नोकरी गेली त्यानें तो कोठून द्यावा? बेकारीच्या त्या दिवसांत ही शंका अगदीं व्यवहारी होती.

आतां भाडेकरूंची बाजू. पावलें खरोखरच वांचलीं. याबद्दल वाद नव्हता. परंतु त्या खोलींत दुसरें माणूस मावत नसे. लेक आईला मदत करावयास आली तर दोघींचीं कोंपरें एकमेकींना लागत. घड्याळ लावून मोजलें होतें तें एका बाईचें काम. हाताखालीं दोन माणसें घेऊन चालणारा स्वयंपाक कोणी मोजलाच नव्हता. पायांशीं खेळणारें मूल तर त्या नकाशांत मुळींच नव्हतें. सरकतें दार कागदावर उघडें होतें. प्रत्यक्षांत कांद्याचा वास आणि वाफ बसण्याच्या खोलींत येऊं नये म्हणून तें लावून घेण्याचाच मोह होई, आणि आई एका बाजूला व मुलें दुसऱ्या बाजूला अशी स्थिति होई. खणांचेंही तसेंच. ते लहान मुलांच्या हाताला लागत. शिवाय खणावर एका जिनसाचें नांव कोरलेलें आणि घरांत खपतो दुसराच जिन्नस! कोणी त्यांत भलतेंच भरी. पिढ्यान् पिढ्या चुलीशेजारीं जेवलेलीं कांहीं कुटुंबें त्या चिंचोळ्या जागेंतही मेज घालून जेवावयास बसूं पाहत.

खर्चाचा हिशेबही पुरता जमला नाहीं. रोमरश्टाट या वसाहतींत तर गॅसऐवजीं सर्वत्र वीज दिली होती, चूल विजेची आणि ऊन पाणीही विजेचें. विजेचीं बिलें पाहून भाडेकरूंनीं गाऱ्हाणीं केलीं. ज्या मजुरांसाठीं हीं घरें आंखलीं होतीं त्यांतील अनेकांना भाडेंच परवडलें नाहीं. घरें गेलीं तीं बहुधा कारकून आणि कसबी कामगार यांच्याकडे. बांधण्याचा खर्च बारकाईनें मोजणाऱ्यांनीं वापरण्याचा खर्च तितक्या बारकाईनें मोजला नव्हता. स्वयंपाकघर सुधारणाऱ्या कुटुंबांच्या हातून आजही घडणारी चूक बहुधा हीच असते.

चुकीची दुरुस्ती मात्र लवकरच सुचली, आणि ती सुचविण्यांत घरकामाचा अनुभव असलेल्या स्त्रियांचा हात होता. एर्ना मेयर या बाईंचें घरकामावरचें पुस्तक १९२६ सालीं निघालें होतें व जर्मनींत अतिशय खपलें होतें. त्यांच्या सल्ल्यानें १९२८ सालीं म्युनिकमध्यें जें स्वयंपाकघर तयार झालें त्यांत शेगडी, मोरी व ओटा यांची ओळ तीच ठेवली. फक्त बसण्याच्या खोलीकडील आडभिंत कांचेची केली. वाफ अडली, मूल दिसूं लागलें. वरवर पाहतां फरक एका भिंतीचा. पण फ्रँकफुर्टला एकटी पडलेली बाई त्या भिंतीनें पुन्हां घरांत आणली.

लिहोट्स्कीबाईंनीं १९२७ सालीं विल्हेल्म शुट्टे या सहकाऱ्याशीं विवाह केला. १९३० सालीं माय यांच्याबरोबर हें दांपत्य सोव्हिएट रशियांत नवीं शहरें वसविण्यास गेलें. तेथें बाईंनीं मुख्यतः बालगृहें आंखलीं. पुढें त्या इस्तंबूलला होत्या. हिटलरच्या राजवटीविरुद्ध गुप्तपणें काम करण्यासाठीं १९४० च्या अखेरीस त्या व्हिएन्नांत परतल्या आणि १९४१ च्या जानेवारींत पकडल्या गेल्या. शिक्षा झाली पंधरा वर्षांची. १९४५ च्या एप्रिलमध्यें अमेरिकन सैन्यानें त्यांना तुरुंगांतून सोडविलें. त्या कम्युनिस्ट असल्यामुळें युद्धानंतर ऑस्ट्रियांत सरकारी कामें त्यांच्या वाट्यास फारशीं आलीं नाहींत. १९७० नंतर स्त्रीमुक्तीचा विचार मांडणाऱ्या कांहीं लेखिकांनीं त्यांच्या त्या खोलीला बाईला कोंडणारी खोली म्हटलें. बाईंना दूषणाचें आश्चर्य वाटलें नाहीं. पण त्यांच्या मतें १९२६ सालीं प्रश्न वेगळा होता, कारण धुरानें भरलेल्या एका खोलींतून माणसांना बाहेर काढावयाचें होतें. उतारवयांत भेटीस येणारे सर्वजण त्या एका स्वयंपाकघराविषयींच विचारीत, तेव्हां त्या वैतागत. लोक पुढें एवढेंच बोलणार हें ठाऊक असतें तर तें बांधलेंच नसतें, असें म्हणत. १८ जानेवारी २००० रोजीं, एकशेंतिसरा वाढदिवस पांच दिवसांवर असतां, व्हिएन्नांत त्यांचें निधन झालें.

दहा हजारांपैकीं फार थोडीं स्वयंपाकघरें आतां शाबूत आहेत. बहुतेक भाडेकरूंनीं तीं उखडून आपल्या सोयीचीं केलीं. गिनहाइम भागांतील एका घरांतून निघालेलें सगळें सामान न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें २००९ सालीं मिळविलें व पुढच्या वर्षीं प्रदर्शनांत मांडलें. रोमरश्टाटमध्यें त्या काळचें एक घर जतन करून ठेवलें आहे. त्यांत तें स्वयंपाकघर, नांवें कोरलेल्या खणांसह, मूळच्या जागीं उभें राहून पाहतां येतें.