११४ बळींचा हिशेब

बेसबॉलमध्ये गोलंदाजाचा मोसम जोखताना स्ट्राइकआउट मोजतात, कारण तो बळी जवळजवळ त्याचा एकट्याचा असतो. क्षेत्ररक्षकांनी झेल सोडला म्हणून तो हुकत नाही. १९७३ मध्ये नोलन रायनने असे ३८३ फलंदाज बाद केले. मॅट किलरॉयचे १८८६ मधले ५१३ त्याहून अधिक, पण तेव्हा चेंडू ५० फुटांवरून टाकत. ६० फूट ६ इंचांचे अंतर १८९३ मध्ये आले. म्हणजे परिस्थिती पाहिल्याशिवाय तिथेही आकडा बोलत नाही. क्रिकेटमधल्या मंदगती फिरकी गोलंदाजाला तर पुष्कळ बळींसाठी सहकाऱ्यांचे हात लागतात. म्हणूनच डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळूंचा १९११ चा इंग्लंडमधला मोसम मराठी मुलखातल्या कोणत्याही गोलंदाजाच्या मोसमापेक्षा मला मोठा वाटतो.

आज पुण्यातल्या बावधनवरून गहुंज्याच्या क्रिकेट स्टेडियमकडे गर्दी लोटते, पण शहरात क्रिकेट रुजले ते कॅम्पातल्या गोऱ्यांच्या क्लबात. चर्मकार समाजातले बाळू तिथे महिना ४ रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत आणि नेट्समध्ये साहेबांना चेंडू टाकत. कॅप्टन ग्रेगसारख्या कसलेल्या फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करून त्यांचा डावखुरा हात तयार झाला. फलंदाजीचा सराव मात्र त्यांना कोणी देऊ केला नाही. पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतले ते जिंकण्यासाठी. मैदानात चेंडूला सगळ्यांचा स्पर्श चाले. चहाच्या वेळी बाळूंना तो तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. ज्यांच्या हातांवर आपले बळी अवलंबून, त्यांच्याच पंगतीला आपल्याला जागा नाही, अशा अवस्थेत हा गोलंदाज घडला.

भारतीय संघाच्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. यावर पहिला आक्षेप असा की त्यात दुय्यम दर्जाचे सामने होते. होते, पण ते वगळूनही प्रथम श्रेणीचे ७५ बळी सुमारे २० च्या सरासरीने उरतात, आणि ते काउंटी संघांसारख्या तगड्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध. दुसरा आक्षेप इंग्लंडच्या ओलसर खेळपट्ट्यांचा. तो उन्हाळा मात्र तिथे विलक्षण कडक आणि कोरडा होता, त्यामुळे पावसाने भिजलेल्या खेळपट्टीचा आधार फारसा मिळालाच नसणार. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कमकुवत संघातल्या एकमेव भरवशाच्या गोलंदाजाला षटके अधिक मिळतात, म्हणून बळीही अधिक. हे खरे, पण नुसत्या षटकांच्या जोरावर सरासरी अशी राहत नाही. थकलेला हात धावा देऊ लागतो. आणि संघ खरोखरच कमकुवत होता. कर्णधार पतियाळाचे महाराज लंडनच्या समारंभांत रमले, २३ पैकी १५ सामने हरले. लीस्टरशायर आणि सॉमरसेटवरचे विजय तेवढे अभिमानाचे.

मायदेशी परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. हिंदू संघाने मात्र १९२० मध्ये, तेही निषेधानंतर, त्यांना उपकर्णधार केले. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही; ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.