हिमोफिलिया, हाडे आणि नाशिकचे ऊन

आनुवंशिकता शिकवताना आपण फळ्यावर राणी व्हिक्टोरियाची वंशावळ काढतो, हिमोफिलिया म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा विकार असे सांगतो आणि पुढे जातो. त्यात हाडांचा विषय निघतच नाही. वैद्यकातही तो उशिराच निघाला.

हिमोफिलियात बाहेरच्या जखमेपेक्षा आतला रक्तस्राव अधिक छळतो. गुडघा, घोटा, कोपर यांत पुन्हा पुन्हा रक्त साचून सांधा आखडतो. जर्मन शल्यविशारद फ्रान्झ क्योनिग यांनी १८९२ मध्येच या ऱ्हासाच्या पायऱ्या वर्णिल्या होत्या. पण उपाय नव्हता. मुलाला जपायचे म्हणजे घरात बसवायचे. १९६४ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ पूल यांनी दाखवले की, गोठवलेला रक्तद्रव सावकाश वितळवला तर उरणाऱ्या साक्यात रक्त गोठवणारा आठवा घटक भरपूर असतो. उपचार रक्तपेढीच्या आवाक्यात आले, रुग्णांचे आयुष्य वाढले आणि मग हाडांकडे लक्ष गेले. १९९४ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी तीव्र हिमोफिलिया असलेल्या पुरुषांची अस्थिघनता मोजली. ती निरोगी पुरुषांपेक्षा कमी भरली.

हाड ही जिवंत ऊती आहे. भार पडला तर ते भरते, नाहीतर विरळ होते. दुखरा सांधा हालचाल थांबवतो, स्नायू रोडावतात, तोल जातो. पडल्यावर विरळ हाड मोडते आणि मोडल्या जागी रक्त थांबत नाही. आठव्या घटकाचा अभाव हाडाला थेट बाधतो का, यावर मात्र अजून एकमत नाही.

दुसरे कारण उन्हाचे, आणि त्याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. हचिसन आणि शहा यांनी नाशिक भागातील मुडदुसाचा अभ्यास १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. खाऊनपिऊन सुखी, पण गोषा पाळणाऱ्या घरांत मुडदूस आढळला. निकस अन्नावर उन्हात वाढणारी गरिबांची मुले बहुतांशी त्यातून सुटली. ‘ड’ जीवनसत्त्वाचे तेव्हा नुकते बारसे होत होते!

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या शाळेत असा विद्यार्थी असेल, तर खेळाच्या तासाला त्याला वर्गात बसवण्याकडेच कल असतो. आमच्या मते हा नवा गोषाच. कबड्डी, मुष्टियुद्ध नको, हे खरे. पण डॉक्टरांना विचारून चालणे, पोहणे जरूर करू द्यावे. महापालिकेचे जलतरण तलाव आहेतच. तो पडला आणि दुखते म्हणाला, तर सूज दिसण्याची वाट पाहू नये. घरी कळवून त्याला लगेच रुग्णालयात न्यावे. तिथे घटकाचे इंजेक्शन आधी, क्ष-किरण चित्र नंतर.